मातीतला बॅसिलस: वावरापासून वहीतल्या नावापर्यंत

"सर, बॅसिलस सबटिलिस लिहू काय?"

स्लाइडवर जांभळ्या काड्या दिसल्या की हा प्रश्न आलाच म्हणून समजा. माती पऱ्हाटीच्या वावरातली असो, संत्र्याच्या बागेतली असो की धुऱ्यावरची, प्रकल्पाच्या वहीत नाव ठरलेले असते. बॅसिलस ही काडीच्या आकाराच्या जीवाणूंची प्रजाती आहे आणि सबटिलिस ही तिच्यातली एक जात. स्लाइडवरच्या काडीवरून प्रजातीसुद्धा ठरत नाही, मग जात कुठून ठरणार?

वह्या तपासताना एक गोष्ट दिसते. चुकीचे नाव शेवटच्या चाचणीत क्वचितच शिरते. बहुतेक वेळा कल्चर (माध्यमावर वाढवलेले जीवाणू) शुद्ध नसते, ग्रॅम रंजन (जीवाणू जांभळे राहतात की गुलाबी होतात ते दाखवणारे) चार दिवसांच्या शिळ्या कल्चरवर केलेले असते, नाहीतर बीजाणू (जीवाणूचे तग धरून राहणारे सुप्त रूप) न बघताच साखरेच्या चाचण्यांच्या नळ्या लावलेल्या असतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. तालुक्याच्या गावातली साधी प्रयोगशाळा, एक सूक्ष्मदर्शक आणि एक इन्क्युबेटर धरून तो लिहिला आहे.

## सुरू करण्याआधी: उन्हाळा आणि साहित्य

पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला ठेवा' असे लिहिलेले असते. ते पुस्तक लिहिणाऱ्याने मे महिन्यातले अकोला पाहिलेले नसते. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीत ४२ अंश सेल्सिअस असेल तर काटा ३० वर लावून काही होत नाही, आत ४२ च्या वरच असते. कूलिंगवाला इन्क्युबेटर नसेल तर प्रकल्प जुलै ते फेब्रुवारीत उरका.

अगरचे, म्हणजे माध्यम घट्ट करणाऱ्या पदार्थाचेही तसेच. अगर साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठतो. भर दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ओतलेल्या प्लेट धड गोठत नाहीत, थरथरत राहतात. प्लेट सकाळी लवकर ओता.

साहित्यात दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली म्हणजे तुलनेसाठी ओळखीची कल्चर: एक ग्रॅम-पॉझिटिव्ह (रंजनात जांभळे राहणारे) आणि एक ग्रॅम-निगेटिव्ह (गुलाबी होणारे), उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलाय. शिवाय एक खात्रीचा बॅसिलस सबटिलिस. चंडीगडच्या एमटीसीसीसारख्या जीवाणू-संग्रहातून महाविद्यालयाने तो एकदा मागवला की पुढच्या तुकड्यांनाही पुरतो. कृषी सेवा केंद्रातल्या जिवाणू खताच्या बाटलीतून काढलेला जीवाणू तुलनेला वापरू नका. त्या बाटलीत एकच जीवाणू असेल याची हमी नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याच्या भिंगात बसणारी मोजपट्टी. ती नसेल तर पायरी ६ ला अडकाल. आत्ताच शोधून ठेवा.

## १. माती आणणे

वावरातल्या पाच-सहा जागा निवडा. धुरा, शेणखताचा ढीग, झाडाची सावली आणि नुकतेच खत टाकलेली जागा सोडा. वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंटिमीटरपर्यंत इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती स्पिरिटच्या ज्योतीवर धरून घेतलेल्या चमच्याने खरवडा. सगळ्या जागांची माती मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा. मूठभर उरेपर्यंत हेच करत राहा.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेच्या आतली माती 'खोलीवरची' म्हणून घेऊ नका. वरची माती घसरून तिथेच पडलेली असते.

इशारा: मेलेली जनावरे पुरतात किंवा टाकतात त्या जागेची माती आणू नका. जनावरांच्या फाशी रोगाचा, म्हणजे काळपुळीचा जीवाणू बॅसिलस अँथ्रॅसिस याच प्रजातीतला आहे आणि त्याचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात. जागा ठरवण्याआधी गावातल्या जुन्या माणसाला विचारा. त्या तुकड्यात काय पुरले होते ते सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

पिशवीवर गाव, पीक, खोली आणि तारीख तिथेच, वावरातच लिहा.

## २. उष्णतेची चाळणी

१ ग्रॅम माती ९ मिलिलिटर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात (०.८५ टक्के) टाकून जोरात हलवा. काळ्या मातीची ढेकळे सहजी फुटत नाहीत, चांगली दोन मिनिटे हलवावी लागते. मग ही नळी ८० अंशांच्या पाण्यात १० मिनिटे ठेवा. साध्या पेशी मरतात, बीजाणू उरतात.

चूक होते ती घड्याळात. नळी पाण्यात टाकल्या क्षणी मोजायला सुरुवात करतात, पण तेव्हा आतले द्रव अजून कोमटच असते. शेजारी तेवढेच साधे पाणी घातलेली एक जादा नळी ठेवून तिच्यात थर्मामीटर सोडा. तिथे ८० आले की १० मिनिटे सुरू. नळीतल्या द्रवाची पातळी बाहेरच्या पाण्याच्या खाली हवी. वर राहिलेल्या, काचेला चिकटलेल्या थेंबातले जीवाणू जिवंत राहतात आणि नंतर तेच प्लेटवर उगवतात.

थंड झाल्यावर दहा-दहा पट पातळ करत चार-पाच नळ्या करा. शेवटच्या तिन्हींतले ०.१ मिलिलिटर न्यूट्रियंट अगरवर पसरवा आणि ३० अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा.

तपासा: सोबत एक कोरी प्लेट ठेवली का? तिच्यावर काही उगवले तर माध्यमाचे निर्जंतुकीकरण कच्चे राहिले आहे आणि पुढचे सगळे काम वाया आहे.

## ३. शुद्ध कल्चर

इथे घाई करणारा पुढे आठ दिवस गमावतो.

बॅसिलसच्या बऱ्याच वसाहती ओल्या अगरवर पसरतात. झाकणावर जमलेले पाणी खाली पडले की दोन वसाहती एकमेकींत मिसळतात आणि वरून एकच दिसते. प्लेट ओतल्यावर उलट्या ठेवून एक रात्र वाळवा, मगच वापरा.

वेगळी, एकटी वसाहत निवडा आणि रेघा ओढून नव्या प्लेटवर घ्या. तिच्यातली एकटी वसाहत पुन्हा नव्या प्लेटवर, आणि आणखी एकदा. तीन वेळा. दुसऱ्या वेळी 'एकसारखीच दिसते' म्हणून थांबू नका. बीजाणू धरणाऱ्या जीवाणूंत मागच्या सोबत्याचे दोन-चार बीजाणू वसाहतीत गपगुमान पडून राहतात आणि नळीत संधी मिळाली की वर येतात.

वसाहतीचे रूप लिहून ठेवा, पण त्यावर भाळू नका. झाडाच्या मुळांसारखी फाटे फोडत पसरणारी वसाहत बॅसिलस मायकॉइडिसची असू शकते. दळलेल्या काचेसारखी मोठी, निस्तेज वसाहत बॅसिलस सिरियसच्या गटाकडे (पायरी ८) बोट दाखवते, आणि सुरकुतलेली कोरडी वसाहत सबटिलिसच्या बाजूला. मात्र तेच कल्चर कोरड्या आणि ओल्या अगरवर वेगळे दिसते. एका मुलीने एकाच नळीतून लावलेल्या दोन प्लेटना दोन क्रमांक दिले आणि दोन्हींच्या चाचण्या पंधरा दिवस वेगवेगळ्या करत राहिली. चूक माझीही होती. प्लेट शेजारी ठेवून मी आधी बघायला हव्या होत्या.

शुद्ध झालेले कल्चर तिरपा अगर गोठवलेल्या दोन नळ्यांवर घ्या. एक कामाची, दुसरी फ्रिजमध्ये ठेवायची, तिला हात लावायचा नाही. वीज गेली तरी फार काळजी नको. बीजाणू झालेली नळी एवढ्या-तेवढ्याने मरत नाही.

## ४. ग्रॅम रंजन: ताजे कल्चर, नाहीतर नको

कल्चर १८ ते २४ तासांचे हवे. बॅसिलसच्या जुन्या पेशी जांभळा रंग धरून ठेवत नाहीत, गुलाबी दिसतात, आणि वहीत 'ग्रॅम-निगेटिव्ह' म्हणून जातात. तिथून पुढे विद्यार्थी स्यूडोमोनास या ग्रॅम-निगेटिव्ह प्रजातीच्या वाटेला लागतो.

पातळ थर पसरवा, हवेत वाळवा, ज्योतीवरून दोनदा फिरवा. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, आयोडीन १ मिनिट, पाणी. मग अल्कोहोल थेंबाथेंबाने, खाली येणारे थेंब रंगहीन होईपर्यंतच, साधारण १० ते २० सेकंद. शेवटी सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट. त्याच स्लाइडच्या दोन टोकांना ओळखीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणू पसरवा. ती दोन टोके बरोबर रंगली नसतील तर मधल्या थराचे काही खरे नाही.

अर्धे जांभळे आणि अर्धे गुलाबी दिसले तर शंका फेडायला सोपा उपाय आहे. स्लाइडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घ्या, त्यात वसाहत कालवा आणि मिनिटभरात काडी वर उचला. चिकट तार निघाली तर ग्रॅम-निगेटिव्ह. नाही निघाली तर सहसा ग्रॅम-पॉझिटिव्ह.

लगेच कॅटलेजची (पेरॉक्साइड फोडणाऱ्या विकराची) चाचणीही करून टाका. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात वसाहत ठेवली की बुडबुडे यायला हवेत. वसाहत लाकडी काडीने उचला. तारेच्या लूपने धातूमुळेही बुडबुडे येऊ शकतात. रक्ताच्या अगरवरचे कल्चर वापरू नका, कारण रक्तपेशींत कॅटलेज असतेच.

## ५. बीजाणू: खरी फोड इथे

माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची स्लाइड ही आहे आणि विद्यार्थी सगळ्यात कमी वेळ हिलाच देतात.

कल्चर आता मुद्दाम शिळे करायचे: ४८ ते ७२ तास, कधी पाच दिवस. बीजाणू येतच नसतील तर लिटरमागे ५ मिलिग्रॅम मँगनीज सल्फेट घातलेल्या न्यूट्रियंट अगरवर वाढवा. मँगनीज कमी पडल्याने बीजाणू अडतात, हे कारण नेहमीचे आहे. 'बीजाणू नाहीत' हा निष्कर्ष त्याशिवाय लिहू नका.

रंजन असे करा. थरावर ५ टक्के मॅलाकाइट ग्रीन टाका आणि खालून वाफ देत ५ मिनिटे ठेवा. वाफ निघायला हवी, पण रंग उकळता कामा नये. रंग आटत आला की वरून आणखी घाला, कोरडा पडू देऊ नका. थंड झाल्यावर पाण्याने धुवा. गरम स्लाइडवर गार पाणी ओतले की काच तडकते. मग सॅफ्रॅनिन अर्धा मिनिट. बीजाणू हिरवे, पेशी लाल.

आता तीन गोष्टी बघा आणि तिन्ही वहीत लिहा.

बीजाणूचा आकार लंबगोल आहे की गोल? तो मध्यभागी आहे, एका टोकाकडे सरकलेला की अगदी टोकाला? आणि त्याच्यामुळे पेशी फुगली आहे का? तिसऱ्या प्रश्नावर पुढचा गट ठरतो. शेंगेतला दाणा जसा बाहेरून कळतो तसा फुगवटा दिसला तर 'फुगलेली'. पेशीच्या दोन्ही कडा सरळ राहिल्या तर 'न फुगलेली'. किमान वीस-तीस पेशी बघून ठरवा, एकीवर भरवसा नको.

नेहमीची फसगत: काही मोठ्या पेशींत चरबीसारखे साठ्याचे गोळे असतात. ग्रॅमच्या स्लाइडवर ते पांढऱ्या पोकळीसारखे दिसतात आणि मुले त्यांना बीजाणू म्हणतात. हे गोळे वाफेच्या मॅलाकाइट ग्रीनने हिरवे होत नाहीत. ग्रॅमवरून बीजाणू लिहायचा नाही, कधीच नाही.

## ६. गट पाडा, नाव अजून नाही

गॉर्डन, हेन्स आणि पँग यांनी १९७३ मध्ये मांडलेले तीन गट साध्या प्रयोगशाळेत अजूनही चालतात.

पहिला गट: बीजाणू लंबगोल, पेशी न फुगलेली. यात दोन उपगट. पेशीची जाडी सुमारे १ मायक्रॉनपेक्षा जास्त असेल तर सिरियस आणि मेगाटेरियम यांची बाजू, कमी असेल तर सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस आणि प्युमिलस यांची. ही जाडी अंदाजाने सांगायची नसते. मोजपट्टी आधी स्टेज मायक्रोमीटरशी (ठरावीक मापाच्या रेघा असलेल्या स्लाइडशी) जुळवून घ्या आणि ताज्या कल्चरच्या पेशी मोजा. तापवून चिकटवलेल्या पेशी आक्रसतात, म्हणून शक्य तर पाण्याच्या थेंबातच मोजा.

दुसरा गट: बीजाणू लंबगोल, पेशी फुगलेली. इथे आलात तर तुमचा जीवाणू आजच्या वर्गीकरणात बहुधा बॅसिलस प्रजातीत राहिलेलाच नाही. पॉलिमिक्सा आता पीनीबॅसिलसमध्ये आहे, ब्रेव्हिस ब्रेव्हिबॅसिलसमध्ये.

तिसरा गट: बीजाणू गोल, टोकाला, पेशी फुगलेली. काडेपेटीतल्या काडीसारखी. जुना स्फेरिकस तो हाच. २००७ पासून त्याचे नाव लायसिनिबॅसिलस स्फेरिकस आहे.

## ७. मोजक्याच चाचण्या, पण जोडीने

गट कळला की वीस चाचण्या लावायची गरज उरत नाही. प्रत्येक चाचणीसोबत एक हमखास 'होय' येणारे आणि एक 'नाही' येणारे कल्चर लावा. नाहीतर माध्यम खराब होते की जीवाणू वेगळा, हे कळणार नाही.

जाड पेशींचा उपगट असेल तर पहिले काम अंड्याच्या बलकाचे अगर. वसाहतीभोवती पांढुरके, अपारदर्शक वलय आले म्हणजे लेसिथिनेज (बलकातले लेसिथिन फोडणारे विकर) आहे, सिरियस गट. थेट पायरी ८ ला जा. वलय नाही, व्होगेस-प्रोस्कॉअर चाचणी (कृती खाली) नकारात्मक, हवेशिवाय वाढ नाही आणि स्टार्च पचते, तर मेगाटेरियमसारखा.

बारीक पेशींचा उपगट असेल तर आधी स्टार्च. प्लेटवर वाढ झाल्यावर आयोडीन ओता. निळ्या-काळ्यात वसाहतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले तर स्टार्च पचले. ओतण्याआधी कल्चर दुसरीकडे घेऊन ठेवा, आयोडीन ओतले की ते गेलेच. स्टार्च पचत नाही, व्होगेस-प्रोस्कॉअर सकारात्मक, नायट्रेटचे क्षपण नाही: प्युमिलसच्या गोतावळ्यातला. स्टार्च पचते आणि हवेशिवायही वाढतो: लायकेनिफॉर्मिसकडे. स्टार्च पचते पण हवेशिवाय वाढत नाही: आता कुठे सबटिलिसचे नाव काढायला हरकत नाही.

हवेशिवाय वाढीच्या चाचणीत मेणबत्तीची बरणी चालत नाही. मेणबत्ती विझते तेव्हाही आत भरपूर ऑक्सिजन शिल्लक असतो. खोल नळीतल्या अगरमध्ये सुई खुपसून लावा आणि वरून निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा थर द्या.

व्होगेस-प्रोस्कॉअरमध्ये मुलांकडून क्रम उलटा होतो. १ मिलिलिटर कल्चरला आधी ०.६ मिलिलिटर अल्फा-नॅफ्थॉल, नंतर ०.२ मिलिलिटर ४० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हलवा आणि १५ मिनिटे ते तासभर लाल रंगाची वाट बघा. पाच मिनिटांत नळी धुऊन टाकणारे दरवर्षी भेटतात.

दुसऱ्या-तिसऱ्या गटाबद्दल थोडक्यात: ग्लुकोजपासून आम्ल आणि वायू दोन्ही, शिवाय व्होगेस-प्रोस्कॉअर सकारात्मक, तर पीनीबॅसिलस पॉलिमिक्सासारखा. गोल बीजाणूवाला साखरेला हात लावत नसेल तर लायसिनिबॅसिलस. त्यापुढे महाविद्यालयात जाऊ नये.

## ८. सिरियस गट: इथे थांबून बघा

सिरियस, थुरिंजिएन्सिस, मायकॉइडिस आणि अँथ्रॅसिस हे इतके जवळचे आहेत की जीवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकावरूनही धड वेगळे होत नाहीत. बीटी कापसात ज्याचे जनुक घातले आहे तो थुरिंजिएन्सिस सिरियसपासून ओळखायचा तो बीजाणूशेजारच्या प्रथिनाच्या स्फटिकावरून. तीन ते पाच दिवसांचे कल्चर घ्या, बेसिक फुक्सिनने रंगवा, तेलाच्या भिंगाखाली चौकटीसारखा किंवा हिऱ्यासारखा गडद कण शोधा. तो दिसला तर थुरिंजिएन्सिस लिहिता येते. नाही दिसला तर फक्त 'सिरियस गट' लिहा. स्फटिकाची जनुके प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असतात आणि पुन्हा पुन्हा कल्चर बदलताना प्लाझ्मिड गळून पडू शकते.

इशारा: लेसिथिनेज आहे, पण हालचाल नाही आणि रक्ताच्या अगरवर रक्तपेशीही फुटत नाहीत, असे दिसले तर प्लेट पुन्हा उघडू नका. टेप लावा, मार्गदर्शकांना सांगा, ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा). 'अजून एक चाचणी करून बघतो' हे धाडस इथे नको. साधा सिरियससुद्धा शिळ्या भातातून पोट बिघडवणारा आहे. प्रयोगशाळेत डबा उघडून खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

## ९. जनुकाचा अहवाल आणि आजचे नाव

पैसे असतील तर १६एस आरआरएनएचा क्रम बाहेरून काढून आणतात. अहवालात वरच्या ओळीत '९९.८ टक्के, बॅसिलस सबटिलिस' दिसले की काम संपले असे वाटते. पण त्याखालच्या पाच-सहा ओळी वाचा. व्हेलेझेन्सिस, अमायलोलिक्विफेशियन्स अशी भावंडे जवळपास तेवढ्याच टक्क्यांवर उभी असतात. साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली आलात तर जात वेगळी असावी असे म्हणता येते, पण वर गेलात म्हणून जात तीच ठरत नाही. या गटात जात पक्की करायला जीवाणूचा संपूर्ण जीनोम किंवा गायरेज-बीसारखे दुसरे जनुक लागते. अहवाल आणि तुमची बीजाणूची स्लाइड जुळत नसेल तर आधी नळीची अदलाबदल झाली का ते बघा. बहुतेक वेळा तेच निघते.

नाव लिहिण्याआधी एलपीएसएन या जीवाणूंच्या नावांच्या यादीत तपासा. २०२० मध्ये या प्रजातीची मोठी वाटणी झाली. मेगाटेरियम प्रीस्टियात गेला, फर्मस सायटोबॅसिलसमध्ये, सर्क्युलन्स नियालियात. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणू खताच्या बाटलीवर 'बॅसिलस मेगाटेरियम' दिसले तर ते जुने नाव आहे, जीवाणू तोच. वहीत आजचे नाव आणि कंसात जुने असे दोन्ही लिहा. परीक्षक कोणत्या काळातले असतील ते सांगता येत नाही.

## १०. वहीत काय लिहायचे

पुरावा जिथे संपतो तिथे नाव संपवा. बीजाणू आहेत, कॅटलेज आहे, हवेत वाढतो, पण गट पाडला नाही, तर 'बीजाणूधारी, ग्रॅम-पॉझिटिव्ह, दंडाकार, बॅसिलससदृश'. गट पाडला, तर गट. चाचण्या जुळल्या, तर 'बॅसिलस सबटिलिससारखा'. एखादी चाचणी उलटी आली तर ती झाकू नका. कोणती, किती वेळा आणि तुलनेच्या कल्चरवर काय आले, ते लिहा. परीक्षेत गुण जातात ते बहुधा खोडलेल्या तक्त्यामुळे.

## ११. आवराआवर

सगळ्या प्लेट आणि नळ्या १२१ अंशांवर ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा आणि मगच धुवायला द्या. ऑटोक्लेव्ह ठासून भरू नका, वाफ मधोमध पोचायला हवी. मागच्या वर्षी आमच्याकडे तळाच्या प्लेट जिवंतच निघाल्या होत्या. टेबल स्पिरिटने पुसून भागत नाही, कारण स्पिरिटने बीजाणू मरत नाहीत. ब्लीच त्याच दिवशी दहा पट पातळ करा, टेबलावर दहा मिनिटे ओले राहू द्या आणि मग पुसा. कालचे पातळ केलेले ब्लीच टाकून द्या.